नोकरी सांभाळून, कोकणात बसून प्रोफेशनल रायटिंगचं मास्टर्स करायचंय? मग हे वाचा

प्रोफेशनल रायटिंग म्हणजे नक्की काय हे आधी नीट समजून घ्या, कारण बरेच लोक इथंच गोंधळतात आणि भलत्याच कोर्सला पैसे भरून मोकळे होतात. कथा, कविता, ललित हे वेगळं खातं. वाचणाऱ्याला काहीतरी काम करायचंय, फॉर्म भरायचाय, मशीन चालवायचंय, पैसे मंजूर करायचेत, आणि ते काम त्याला तुमचं लिहिलेलं वाचून बिनचूक जमलं पाहिजे, असं जे जे लेखन ते सगळं यात येतं. लोटे परशुरामच्या केमिकल प्लांटमधली रिॲक्टर साफ करायची एसओपी (काम कुठल्या पायऱ्यांनी करायचं याचा ठरलेला लेखी कागद), बँकेच्या शाखेतलं कर्जाचं टिपण, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची फवारणीची घडीपत्रिका, बचत गटाचा प्रकल्प अहवाल, मालवणच्या होमस्टेमध्ये पाहुण्यांसाठी लावलेला सूचनांचा कागद. आपल्याकडे हे लिहिणारी माणसं प्रत्येक ऑफिसात आहेत, फक्त त्यांना कोणी रायटर म्हणत नाही आणि त्यांना कोणी हे शिकवलेलंही नसतं. मी चिपळूणला राहून, क्वालिटी डिपार्टमेंटची नोकरी करत हे शिक्षण घेतलं, आणि तेव्हापासून ओळखीतले सारखे विचारतात की कुठे करू, किती खर्च, नेट पुरतं का, इंग्रजी जमेल का. म्हणून हे सगळं एकत्र लिहितेय.

पहिलं काम कोर्स शोधायचं नाही. पहिलं काम म्हणजे ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मागच्या वर्षभरात तुम्ही काय काय लिहिलंत ते काढून बघा, ईमेलसकट. मग त्यातलं कुठलं लिहिताना तुम्हाला बरं वाटलं आणि कुठलं लिहिताना डोकं फिरलं ते बघा. ज्याला प्रोसिजर, मॅन्युअल, रिपोर्ट लिहायला आवडतं त्याने टेक्निकल कम्युनिकेशनकडे जावं. फार्मा किंवा हॉस्पिटलशी संबंध असेल तर मेडिकल रायटिंग. संस्थेसाठी निधीचे प्रस्ताव लिहीत असाल तर ग्रँट रायटिंग, ॲप आणि वेबसाइटवरची छोटी छोटी वाक्यं लिहायची असतील तर यूएक्स रायटिंग, आणि दुसऱ्याचं लिहिलेलं सुधारण्यात जीव रमत असेल तर एडिटिंग. एका मास्टर्समध्ये हे सगळे विषय थोडे थोडे असतात पण मुख्य भर एका कशावर तरी असतो, आणि तो भर कशावर हवा हे तुम्हाला आधी माहीत नसेल तर माहितीपत्रक वाचताना सगळंच छान वाटत राहतं.

आता माझं ठाम मत सांगते, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. कोर्स निवडताना एकच गोष्ट बघायची, ती म्हणजे माझं लिहिलेलं कोण वाचणार, किती वेळा वाचणार आणि काय खुणा करून परत देणार. लिहायला शिकणं हे व्हिडिओ बघून होत नाही. तुम्ही ड्राफ्ट देता, कोणीतरी जाणकार तो ओळ न् ओळ वाचतो, इथं मला कळलं नाही, ही स्टेप आधी यायला हवी होती, हे वाक्य कोणासाठी लिहिलंयस असं विचारतो, मग तुम्ही परत लिहिता, परत देता. या फेऱ्यांमध्येच सगळं शिक्षण आहे. म्हणून विद्यापीठाला सरळ ईमेल करून विचारा की एका विषयात किती लेखी असाइनमेंट आहेत, पहिला ड्राफ्ट तपासून परत मिळतो का, पुन्हा लिहून द्यायची सोय आहे का, एका शिक्षकाकडे विद्यार्थी किती, आणि वर्गातले विद्यार्थी एकमेकांचं लेखन वाचून अभिप्राय देतात का. ज्यांच्याकडे हे खरंच चालतं ते लोक व्यवस्थित उत्तर देतात. आणि जिथून उत्तराऐवजी कौन्सेलरचा फोन येतो की सीट फक्त आजच आहेत मॅडम, तिथे घाईने काही भरू नका.

मान्यता कशी तपासायची

हा भाग कंटाळवाणा आहे पण टाळू नका. भारतात ऑनलाइन आणि दूरस्थ पदवीसाठी यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०२० चे नियम आहेत, आणि त्यानुसार मान्यता असलेल्या विद्यापीठाची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. पण ही मान्यता नुसती विद्यापीठाला असून भागत नाही, त्या कोर्सला आणि त्या सत्राला असावी लागते. यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या (डेब) साइटवर यादी असते, तिथे विद्यापीठाचं नाव, कोर्सचं नाव आणि चालू सत्र हे तिन्ही जुळतंय का ते स्वतः बघा, एजंटने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका. २०२४ पासून अशा कोर्सला प्रवेश घेताना त्याच साइटवर डेब आयडी काढावा लागतो आणि त्याच्यासाठी आधी ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा आयडी लागतो (तुमचे क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या तासांवरून धरलेलं माप, जमा ठेवणारं सरकारी ऑनलाइन खातं). आधारवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव वेगळं असेल तर इथे अडकायला होतं, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांना तर हमखास, त्यामुळे ते काम प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत असाल, झेडपीत शिक्षक असाल, तर ऑफिसकडून आधी लेखी परवानगी घ्या. नंतर सेवापुस्तकात नोंद करायच्या वेळी तो कागद लागतो.

भारतात नक्की काय मिळतं

खरं सांगायचं तर प्रोफेशनल रायटिंग हेच नाव असलेलं मान्यताप्राप्त ऑनलाइन मास्टर्स आपल्याकडे सहज सापडत नाही, त्यामुळे जवळचं काय आहे ते बघून त्यातून आपल्याला हवं ते काढून घ्यावं लागतं. इग्नूचं (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) पत्रकारिता आणि जनसंवादाचं एमए आहे, अनुवादाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे (तो इंग्रजी-हिंदी जोडीचा, मराठीचा नाही, हे लक्षात घ्या), इंग्रजीचं एमए आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रं आपल्याकडच्या कॉलेजांमध्ये आहेत. मुंबई विद्यापीठाचं दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षण केंद्र आहे, आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड हे मुळात त्याच विद्यापीठात येतात, त्यामुळे आपल्यातल्या अनेकांची पहिली पदवी तिथलीच असते आणि कागदपत्रं थोडी सोपी जातात.

या कोर्सची ताकद म्हणजे फी परवडते आणि मान्यतेची कटकट नाही. कमतरता ही की साहित्याचं एमए केलंत तर साहित्यच शिकाल, एसओपी कशी लिहायची ते तिथे कोणी सांगणार नाही, आणि ड्राफ्ट तपासून परत मिळणं हा प्रकार कमी. इग्नूत साधारणपणे असाइनमेंटला ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेला ७० टक्के वजन असतं, म्हणजे शेवटी हाताने भराभर पेपर लिहिणं आलंच. शिवाय ऑनलाइन म्हणजे परीक्षाही घरूनच असं गृहीत धरू नका, केंद्र कुठलं मिळतंय ते आधी बघा, नाहीतर गुहागरहून पहाटेची एसटी पकडून पेपरला जायची वेळ येते. ज्यांना बढतीसाठी किंवा नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांसाठी एमए लागतंच आहे त्यांनी हा रस्ता घ्यावा, आणि लेखनाचं खास शिक्षण बाहेरून जोडावं. स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर टेक्निकल आणि प्रोफेशनल कम्युनिकेशनचे कोर्स येत असतात, शिकायला फुकट, परीक्षा दिली तरच फी. गूगलचे टेक्निकल रायटिंगचे कोर्सही फुकट आहेत, छोटे आहेत पण वाक्य आवळायचं कसं ते फार छान शिकवतात.

बाहेरच्या विद्यापीठांचं

अमेरिकेत हा विषय स्वतंत्र आणि जुना आहे. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचं प्रोफेशनल रायटिंगचं मास्टर्स ऑनलाइन आहे, ॲरिझोना स्टेट आणि टेक्सास टेक यांचं टेक्निकल कम्युनिकेशनचं आहे, जॉन्स हॉपकिन्सचं सायन्स रायटिंगचं आहे. आयर्लंडच्या लिमरिक विद्यापीठातही टेक्निकल कम्युनिकेशन ऑनलाइन शिकवतात. अमेरिकेतलं मास्टर्स साधारण ३० ते ३६ क्रेडिटचं असतं आणि फी क्रेडिटवर मोजतात, म्हणून एका क्रेडिटचा दर गुणिले एकूण क्रेडिट, त्यात टेक्नॉलॉजी फी, आणि डॉलरचा आजचा भाव नाही तर दोन-तीन वर्षांत चढू शकणारा भाव धरून हिशोब मांडा. बँकेतून बाहेर पैसे पाठवताना टीसीएस (बँक आधीच कापून घेते तो कर) कधी लागतो, किती लागतो, तेही शाखेत विचारून घ्या. खासगी नोकरीतल्या माणसासाठी ही रक्कम फार मोठी आहे, घर बांधण्याइतकी होऊ शकते, आणि ती कर्ज काढून भरायची असेल तर माझं स्पष्ट मत आहे की आधी दोन वेळा विचार करा, आणि कंपनी अर्धी फी देते का ते एचआरला विचारल्याशिवाय तर अर्जच करू नका.

दोन गोष्टी एजंट सांगत नाहीत. एक, पूर्ण ऑनलाइन पदवीवर स्टुडंट व्हिसा मिळत नाही, त्यामुळे हा अमेरिकेत जायचा मार्ग नाही. दोन, परदेशी ऑनलाइन पदवीला इथे समकक्षता (इथल्या पदवीच्या बरोबरीची मान्यता) मिळवणं अवघड आहे, आणि परदेशी विद्यापीठ आणि ऑनलाइन कोर्स चालवणारी एडटेक कंपनी मिळून जी ऑनलाइन डिग्री विकतात त्याबद्दल यूजीसीने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून सावध केलेलं आहे. म्हणजे प्राध्यापकी किंवा सरकारी नोकरी डोक्यात असेल तर हा रस्ता तुमच्यासाठी नाही. खासगी कंपनीत, निर्यातीच्या धंद्यात, किंवा घरून परदेशी क्लायंटचं काम करायचं असेल तिथे मात्र डिग्रीपेक्षा तुमचे नमुने बघतात आणि तिथे या शिक्षणाचा खरा उपयोग होतो.

वेळेचं गणितही बघून ठेवा. न्यूयॉर्कला संध्याकाळी ७ चा लाइव्ह क्लास असेल तर आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटेचे ४:३० आणि त्यांचं घड्याळ बदललं की ५:३०. काही जणांना हे उलट सोयीचं पडतं कारण घर शांत असतं, पण पहाटे उठून, मग डबे करून, मग ड्युटीला जाणं हे आठवड्यातून एकदा ठीक आहे, तीनदा झेपत नाही. लिमरिकच्या ७ वाजता इकडे रात्रीचे ११:३० किंवा १२:३०. म्हणून लाइव्ह हजेरी सक्तीची आहे का, की रेकॉर्डिंग बघून चर्चा लेखी करायची आहे, हे फी भरण्याआधी विचारा. नोकरीवाल्यांसाठी दुसरा प्रकार बरा. त्यात एक फायदा लपलेला आहे, न्यूयॉर्कची रविवार रात्री ११:५९ ची डेडलाइन म्हणजे आपल्याकडे सोमवारी सकाळचे साडेनऊ किंवा साडेदहा, म्हणजे रविवारी रात्री लाईट गेली तरी सकाळी ऑफिसच्या आधी अपलोड करता येतं.

अर्जासाठी काय लागतं

पदवीची मार्कशीट, ट्रान्स्क्रिप्ट (सगळ्या सत्रांच्या विषयांचा आणि गुणांचा विद्यापीठाने दिलेला एकत्र उतारा), दोन किंवा तीन शिफारसपत्रं, हेतू सांगणारं निवेदन, आणि लेखनाचा नमुना. बाहेरच्यासाठी इंग्रजीची परीक्षा. आयईएलटीएस, टोफेलचं सेंटर गावात नसतं, मुंबई, पुणे नाहीतर गोव्याला जावं लागतं, पण बरीच विद्यापीठं घरून देता येणारी डुओलिंगोची परीक्षाही घेतात, ते आधी तपासा, एक फेरी वाचते. ट्रान्स्क्रिप्टला वेळ लागतो हे धरून चाला. मुंबई विद्यापीठाचं काम मुंबईतल्या कलिन्याचं, आणि जुन्या बॅचचं रेकॉर्ड काढायचं असेल तर आणखी वेळ, त्यामुळे सगळ्यात आधी याच्या मागे लागा.

शिफारसपत्र मोठ्या माणसाकडून घेण्यापेक्षा तुमचं लिहिलेलं ज्याने वाचलंय त्याच्याकडून घ्या. तालुक्याच्या पुढाऱ्याचं लेटरहेड इथे कामाचं नाही. तुमचा शिफ्ट इन्चार्ज जर लिहू शकत असेल की हिने लिहिलेली चेकलिस्ट आल्यापासून नवीन मुलं विचारायला कमी येतात, तर ते एक वाक्य बाकी सगळ्यापेक्षा भारी आहे.

नमुन्यासाठी कंपनीचा खरा दस्तऐवज अजिबात पाठवू नका, गोपनीयतेचा प्रश्न येतो आणि नोकरीवर बेतू शकतं. त्यापेक्षा सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या एखाद्या विषयावर नवीन लिहा, एखादा सरकारी अर्ज कसा भरायचा याची दोन पानी मार्गदर्शिका चालेल. सोबत अर्धं पान जोडा की हे कोणासाठी लिहिलं, आधी कसं होतं, काय बदललं आणि का. निवड करणाऱ्याला तुमचं इंग्रजी किती गुळगुळीत आहे त्याच्यापेक्षा तुम्ही वाचणाऱ्याचा विचार कसा करता ते बघायचं असतं.

तास, पाऊस आणि घर

दूरस्थ शिक्षणात एक क्रेडिट म्हणजे ३० तास अभ्यास असं धरतात. समजा ८० क्रेडिटचं एमए आहे, तर झाले २४०० तास, दोन वर्षांत संपवायचं तर आठवड्याला साधारण २३ तास. पूर्णवेळ नोकरी, घर, सासू-सासरे, मुलांची शाळा यात २३ तास निघत नाहीत, कोणी निघतात म्हणत असेल तर तो विकायला बसलाय. बहुतेक कोर्स चार वर्षांपर्यंत लांबवता येतात, मग आठवड्याला साडेअकरा तास येतात आणि ते जमतं. अमेरिकन कोर्समध्ये ३ क्रेडिटच्या एका विषयाला आठवड्याला ९ तास धरा आणि एका सत्रात एकच विषय घ्या, निदान पहिलं वर्ष तरी.

आता आपल्या भागाचं. कोर्सच्या वेळापत्रकाशेजारी आपलं कॅलेंडर ठेवून बघा. ज्यांच्या आंब्याच्या कलमांच्या बागा आहेत त्यांचे मार्च ते मे हे महिने पेट्या भरण्यात जातात आणि इग्नूची परीक्षा जूनमध्ये असते, म्हणजे अभ्यास फेब्रुवारीतच संपवलेला पाहिजे किंवा ते विषय डिसेंबरच्या परीक्षेला ठेवले पाहिजेत. शिमग्याला पालखी घरी येते त्या आठवड्यात काही होत नाही. गणपतीत मुंबईहून चाकरमानी आले की घरात बसायला कोपरा नसतो, आणि नसावाही, त्या दिवसांत अभ्यास करायचा हट्ट धरून घरच्यांशी वाकडं घेऊ नका, त्या आठवड्याचं काम आधीच्या दोन आठवड्यांत उरकून घ्या. मुदतवाढ मागायची तर सत्र सुरू होतानाच शिक्षकाला तारखा कळवा, परदेशी शिक्षक सणाला, लग्नाला समजून घेतात, पण आदल्या रात्री मागितली तर नाही.

पावसाळ्याची तयारी आपण आगोटीच्या बेगमीसारखी करायची, म्हणजे पाऊस लागण्याआधी घरात साठा भरून ठेवतो तशी. मे महिन्यात, नेट चांगलं असताना, पूर्ण सत्राचं वाचन, पीडीएफ, व्हिडिओचे लेखी उतारे लॅपटॉपवर उतरवून ठेवा. जून लागला की झाडं पडतात, फायबर तुटते, लाईट जाते ती कधी येईल सांगता येत नाही. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा, राउटरला छोटा यूपीएस लावा (हा खर्च थोडा आहे आणि फायदा मोठा), आणि लेखन ऑफलाइन चालेल अशा सॉफ्टवेअरमध्ये करा. बॅकअपचं तर हात जोडून सांगते. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला पाणी भरलं तेव्हा घरांमधली, दुकानांमधली, वाचनालयातली कागदपत्रं आणि कॉम्प्युटर गेले, ज्यांचं क्लाउडवर होतं तेवढं राहिलं. ड्राफ्ट क्लाउडवर, शिवाय एक पेनड्राइव्ह उंचावरच्या कपाटात.

घरी शांतता नसेल तर वाचनालय गाठा. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे, चिपळूण, सावंतवाडी, वेंगुर्ला इथेही जुनी वाचनालयं आहेत, तिथे टेबल-खुर्ची असते, पंखा असतो आणि कोणी चहाला हाक मारत नाही. आपण पुणे-मुंबईकडे नाही म्हणून आपल्याला सोय नाही असं जे वाटतं ना, ते मला मान्य नाही.

असाइनमेंट आपल्याच गावातून काढा

मला यातला सगळ्यात आवडता भाग हा. या कोर्समध्ये प्रत्येक विषयात काहीतरी खरं लिहायला सांगतात आणि विषय बहुतेक वेळा तुम्हीच निवडायचा असतो. मग सगळे जण कॉफी मशीनचं मॅन्युअल लिहितात. तुम्ही तसं करू नका, तुमच्याकडे असं साहित्य आहे जे वर्गात दुसऱ्या कोणाकडे नाही.

उदाहरण म्हणून हापूस घ्या. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (त्या भागातल्याच मालाला ते नाव वापरायचा हक्क) मिळालं, पण ते नाव अधिकृतपणे पेटीवर लावायचं तर बागायतदाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. निर्यात करायची असेल तर अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या मँगोनेट या ऑनलाइन नोंदणीवर बागेची नोंद, फवारणीच्या नोंदी, पुढे रोगकीडमुक्तीचा दाखला. आता यातली एकच पायरी घ्या आणि साठीतल्या बागायतदाराला फोनवर बघून करता येईल अशी मार्गदर्शिका लिहा. लिहून झालं की ती खरंच एका बागायतदाराच्या हातात द्या आणि शेजारी गप्प बसा. तो कुठे थांबतो, कुठे मागे जाऊन परत वाचतो, कुठला शब्द त्याला लागत नाही ते टिपून ठेवा. याला यूजेबिलिटी टेस्ट म्हणतात आणि कोर्समध्ये याचा अख्खा विषय असतो. पाच जणांवर केलीत तरी मोठ्या मोठ्या अडचणी बाहेर येतात. गप्प बसणं मात्र फार कठीण जातं, आपल्याला लगेच अहो काका ते वरचं बटण दाबा असं सांगावंसं वाटतं, पण सांगितलंत की टेस्ट संपली, कारण तुमचा कागद जिथे जाणार आहे तिथे तुम्ही नसणार.

केमिकल किंवा फार्मात असाल तर सेफ्टी डेटा शीट घ्या, म्हणजे रसायनाचे धोके आणि काळजी सांगणारा कागद. जगभर मान्य असलेल्या पद्धतीत तिचे १६ भाग असतात, आणि ती मुळात तज्ज्ञासाठी लिहिलेली असते. ड्रम उचलणाऱ्या कंत्राटी कामगाराला त्यातलं नेमकं काय हवं? अंगावर सांडलं तर काय करायचं, श्वासात गेलं तर काय, कशाजवळ ठेवायचं नाही, कुणाला हाक मारायची. तेवढंच मराठीत, मोठ्या अक्षरात, चित्रांसकट, एका पानावर आणा. मी असं पान केलं तेव्हा कळलं की कुठलं वाक्य आधी येतं यावर माणसाच्या डोळ्याचं रक्षण अवलंबून असू शकतं. "भरपूर पाण्याने १५ मिनिटे धुवा" हे वाक्य रसायनाच्या वर्णनानंतर चौथ्या ओळीत टाकून चालत नाही, ते सगळ्यात वर लागतं. एकच मजकूर, पण इंजिनिअरसाठी वेगळी मांडणी, कामगारासाठी वेगळी, ऑडिटरसाठी वेगळी. ऑडियन्स ॲनालिसिस म्हणून जे शिकवतात ते हेच आहे आणि एकदा ते अंगात भिनलं की ऑफिसचा साधा ईमेलही तुम्ही वेगळा लिहायला लागता.

होमस्टेवाल्यांना समुद्रात कधी उतरू नये याची भरती-ओहोटीची पाटी करता येईल, अंगणवाडी सेविकांना पोषण आहाराच्या नोंदींची, मच्छीमार सोसायटीतल्या माणसाला डिझेल परताव्याच्या अर्जाची. शेवटच्या सत्रातला कॅपस्टोन, म्हणजे सगळं शिकलेलं वापरून करायचा मोठा प्रोजेक्ट, यातूनच उभा करा.

मराठी माध्यम आणि इंग्रजी

मराठी माध्यमातून आलेल्यांना वाटतं की आपलं इंग्रजी कच्चं, आपल्याला हे कसं जमणार. मला उलटं दिसलंय. या शिक्षणात छोटी वाक्यं, साधे शब्द, कर्ता कोण आणि क्रिया काय हे स्पष्ट, एवढंच मागतात. अवघड इंग्रजी लिहिणाऱ्यांचेच मार्क जातात. आणि दोन भाषांत वावरणाऱ्याला एक गोष्ट आपोआप येते, हाच मजकूर दुसऱ्या वाचकाला कसा सांगायचा हा विचार. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये दर्पण काढलं तेव्हा मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला होता, दोन वेगळ्या वाचकांसाठी. हे काम आपल्या मातीत नवीन नाही.

मराठी नमुने मात्र युनिकोडमध्येच टाइप करा, म्हणजे कुठल्याही मशीनवर अक्षरं तशीच दिसतात. अजून कितीतरी ऑफिसांत जुन्या फाँटमध्ये फाइली आहेत, त्या दुसऱ्या मशीनवर उघडल्या की नुसती चिन्हं दिसतात आणि मोबाइलवर तर काहीच नाही. त्यासाठीचा इन्स्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड शिकायला थोडे दिवस लागतात, मग हात बसतो.

एआयबद्दल थोडक्यात. प्रत्येक विषयाचा नियम वेगळा असतो, तो पहिल्याच आठवड्यात वाचा आणि काही वापरलं तर तसं लिहून द्या. पण लिहायला शिकण्यासाठीच पैसे भरलेत तर पहिला ड्राफ्ट स्वतःचा असू द्या, कारण नाहीतर शिक्षकाच्या खुणा मशीनच्या वाक्यांवर पडतात आणि तुम्ही आहात तिथेच राहता.

पहिल्या सत्रापासून पोर्टफोलिओ जमवत चला. पाच-सहा नमुने पुरे, प्रत्येकाबरोबर आधीचं रूप आणि नंतरचं रूप, आणि मध्ये काय बदललं त्याच्या चार ओळी. बढतीच्या मुलाखतीत किंवा क्लायंटशी बोलताना हे दोन कागद शेजारी ठेवले की फार बोलावं लागत नाही.

आता तारखा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी प्रवेश जुलै आणि जानेवारी अशा दोन सत्रांना होतात. जुलै धरायचा असेल तर मार्चमध्ये ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज टाका, एप्रिलमध्ये नावाच्या दुरुस्त्या, क्रेडिट बँकेचा आणि डेबचा आयडी उरका, मे महिन्यात ऑफिसची परवानगी आणि स्कॅन केलेली कागदपत्रं एका फोल्डरमध्ये. आंब्याचं घर असेल तर हे झेपणार नाही, तुम्ही सरळ जानेवारी धरा आणि कागदपत्रांचं काम गणपतीनंतर सुरू करा. फी भरण्याआधी प्रवेश रद्द केला तर किती पैसे परत मिळतात आणि कुठल्या तारखेपर्यंत, हे साइटवरून पीडीएफ उतरवून ठेवा, आणि पहिले दोन आठवडे वर्ग बघून ड्राफ्ट खरंच तपासून येतोय का ते त्याच मुदतीत ठरवा.